ऑगस्टमध्ये मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन श्रीलंका : कुठली बाजू धरायची, दिवस कसा आखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब. नवरा-बायको, 10 आणि 4 वर्षांची दोन मुलं, 72 वर्षांचे सासरे (मधुमेह, इन्सुलिन चालू) आणि 68 वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी). 15 ऑगस्टला जोडून रजा टाकून आठ रात्री श्रीलंकेला जायचा विचार आहे. एजंटाने कोलंबो, बेंटोटा, गॉल, नुवारा एलिया, कँडी असा कार्यक्रम दिलाय, जवळजवळ रोज नवं हॉटेल. घरचे म्हणतात, पावसाळ्यात कोण जातं, दिवाळीच्या सुट्टीत जा. तर जावं का, आणि गेलं तर मुलांची आणि म्हाताऱ्यांची काळजी कशी घ्यायची?

ताई, ऑगस्टमध्येच जा. दिवाळीत नको. एजंटाचा कार्यक्रम मात्र पश्चिमेकडून उचलून पूर्वेकडे न्या. मी मराठी कुटुंबांच्या श्रीलंका सहली आखते, आणि हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

श्रीलंका महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढी, 65,610 चौरस किलोमीटर. एवढ्याशा बेटावर वर्षात दोन मोसमी पाऊस येतात आणि ते दोन वेगळ्या बाजूंना पडतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजवतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे त्रिंकोमाली, बट्टिकलोआची बाजू धरतात. मधे डोंगर आहे, त्यातला पिदुरुतलागला 2,524 मीटर उंच. तो ढग अडवतो. महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला टँकर, हे बघितलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि त्याच ऑगस्टमध्ये पूर्वेची तळी आटून जमीन उघडी पडलेली असते. डोंगर उतरून पूर्वेला येणारा वारा कोरडा आणि गरम असतो. तिकडचे तमिळ लोक त्याला ‘कच्चान’ म्हणतात आणि त्याच्या नावाने बोटं मोडतात.

म्हणजे ऑगस्टमध्ये श्रीलंकेत पाऊस असतो का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या बाजूला, असं विचारायचं.

दिवाळीचं का नको, ते आधी संपवते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमी पावसांच्या मधला काळ, आणि नेमका तेव्हा पाऊस बाजू बघत नाही, सगळ्या बेटावर पडतो. दुपारी गडगडाट, विजा, एका तासात रस्त्यावर पाणी. शिवाय बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं याच सुमाराला येतात. 2025 च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या डिटवा चक्रीवादळात सहाशेहून जास्त माणसं गेली, डोंगराळ भागात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रेल्वेमार्ग उखडला. दर दिवाळीला असं होतं असं नाही. पण शाळेच्या सुट्ट्या तेव्हा आहेत म्हणून तो काळ ‘सीझन’ ठरत नाही, आणि आपल्याकडच्या जाहिराती तो तसा विकतात याचा मला राग आहे.

आता तुमच्या एजंटाचा कार्यक्रम. कोलंबो, बेंटोटा, कँडी, नुवारा एलिया हा भारतीय कुटुंबांना विकला जाणारा ठरलेला साचा आहे. डिसेंबर ते मार्चसाठी तो उत्तम. ऑगस्टमध्ये तोच विकला की तुम्ही बरोबर भिजणाऱ्या अर्ध्या बेटावर फिरता. गंमत म्हणजे खुद्द कोलंबोला ऑगस्टमध्ये पाऊस तसा बेताचाच असतो. मे किंवा नोव्हेंबरपेक्षा पुष्कळ कमी, आणि मुंबईचा जुलै पाहिलेल्या माणसाला तो पाऊस वाटणारच नाही. अडचण समुद्राची आहे. बेंटोटा, हिक्कडुवा, मिरिस्सा या किनाऱ्यांवर सप्टेंबरपर्यंत दर्या खवळलेला असतो, लाल बावटे लागलेले असतात, लाटा पायाखालची वाळू ओढून नेतात. 4 वर्षांचं मूल किनाऱ्यावर नेऊन त्याला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, ही शिक्षा मुलाला आणि तुम्हालाही. त्यासाठी समुद्रासमोरच्या खोलीचे पैसे कशाला मोजायचे? आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जायला लागतात, म्हणून तिकडेही तेव्हा समुद्र शांत झाला असेल, असं धरू नका.

त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमालीजवळच्या निलावेली आणि उप्पुवेलीचा समुद्र सकाळी तळ्यासारखा असतो. आणखी दक्षिणेला पासिकुडा आहे, तिथे तर कितीतरी अंतर आत चालत गेलं तरी पाणी मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर जात नाही. अरुगम बेही पूर्वेलाच आहे, पण ती सर्फिंग करणाऱ्यांची जागा, लहान मुलांची नव्हे.

मी तुमच्यासाठी असं आखीन : पहिली रात्र विमानतळाजवळ निगोंबोला, मग तीन रात्री बेटाच्या मधल्या कोरड्या भागात हबरणा किंवा सिगिरियाजवळ, दोन रात्री निलावेलीला, शेवटच्या दोन कँडीला. चार हॉटेलं, आठ रात्री. कोलंबो, गॉल, नुवारा एलिया यातलं काहीही नाही. ‘एवढ्या लांब जाऊन नुवारा एलिया नाही?’ असं लोक विचारतील. विचारू देत. 1,868 मीटर उंचीवरचं ते गाव ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा धुक्यात आणि रिपरिपीत असतं, रात्री तापमान बारा-तेरा अंशांवर येतं, साध्या हॉटेलात हीटर नसतो आणि ओले मोजे दोन दिवस वाळत नाहीत. सासूबाईंच्या गुडघ्यांना तिथे काय मिळणार?

हबरण्याच्या तीन रात्री हा या सहलीचा कणा. सिगिरियाचा कातळावरचा किल्ला, दांबुल्लाचं लेणं, पोलोन्नरुवाचे जुन्या राजधानीचे अवशेष आणि हत्ती, सगळं इथून तासा-दीड तासाच्या आत. मुख्य म्हणजे इथे ऑगस्टमधला त्रास पावसाचा नसतो, उन्हाचा असतो. पारा 34-35 ला जातो. लोक पुण्याच्या पावसातून निघतात, सहा छत्र्या आणि रेनकोट घेऊन उतरतात आणि टोप्या, सुती कपडे घरी विसरतात. बौद्ध स्थळांवर चपला काढाव्या लागतात आणि अकरानंतर दगडी फरशी अक्षरशः भाजते. दोघा ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी जुने जाड मोजे वेगळे ठेवा, ते घालून फिरलेलं चालतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे तो खरोखर अपमान समजतात.

सिगिरियाला सगळ्यांनी चढायचा हट्ट नको. सुमारे 1,200 पायऱ्या आहेत, शेवटच्या टप्प्यात कड्याला लावलेला लोखंडी जिना आहे आणि ऑगस्टमध्ये माथ्यावर वारा इतका जोराचा असतो की धाकट्याला हाताला धरूनच न्यावं लागेल. तुम्ही दोघं आणि मोठा मुलगा सकाळी उघडताच आत जा, ऊन तापायच्या आत खाली या. धाकटा आजी-आजोबांपाशी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात डुंबू दे, तो जास्त खूश राहील. वाटेत गांधीलमाशांची मोठी पोळी आहेत आणि शांत राहा अशा पाट्या आहेत. त्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत, माश्या उठल्या की चढाई बंद करतात. पाचव्या शतकात काश्यप राजाने रंगवून घेतलेल्या भित्तिचित्रांपाशी मात्र थांबा. अजिंठ्याच्या पुढच्या लेण्यांच्याच काळाच्या आसपासची आहेत, आणि अजिंठा बघितलेल्या मुलाला ते सांगितलं की तो आपणहून साम्य शोधायला लागतो.

पोलोन्नरुवा उलट सासू-सासऱ्यांसाठी सोयीचं. अवशेष लांबलांब पसरलेले, व्हॅन प्रत्येक ठिकाणाजवळ जाते, पायऱ्या थोड्या. गल विहारातल्या, एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती त्यांना आवडतील. सार्क देशांच्या नागरिकांना या स्थळांवर सवलतीचं तिकीट असतं. त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, तेव्हा ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका.

आणि हत्ती. ऑगस्टमध्ये श्रीलंकेला जायचं यापेक्षा मोठं कारण मला माहीत नाही. मिन्नेरियाचं तळं महासेन राजाने सुमारे सतराशे वर्षांपूर्वी शेतीसाठी बांधलं. जुलैपासून पाणी मागे सरकतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या कोरड्या जंगलातून हत्तींचे कळप तिथे उतरतात. चांगल्या संध्याकाळी दोनशेच्या वर हत्ती एका नजरेत दिसतात, पिल्लं आयांच्या पायांत लुडबुडत असतात. म्हणजे ज्या कोरडेपणामुळे आपण या बाजूला आलो, त्याच कोरडेपणामुळे हत्तीही आलेले असतात. एक व्यावहारिक सूचना : ‘मिन्नेरियाच’ असा आग्रह धरू नका. तळ्यात पाणी किती सोडलंय त्यावर कळप कधी शेजारच्या कौडुल्लाला, कधी हुरुलूच्या जंगलात असतात. जीपवाल्यांना त्या दिवशीची खबर असते, दुपारी निघण्यापूर्वी त्यांनाच विचारा. जीप उघडी असते आणि धुरळा प्रचंड उडतो, ओढण्या लागतील. मागची सीट फार आदळते, म्हणून आजोबांना बसायचंच असेल तर पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. आजींनी त्या दिवशी हॉटेलवर राहिलेलं बरं. कळपाच्या फार जवळ जीप नेणाऱ्याला ‘मागे घ्या’ म्हणायला संकोच करू नका, पैसे तुम्ही दिलेत.

हबरणा ते त्रिंकोमाली साधारण दोन तास. हा रस्ता रानातून जातो आणि अंधार पडल्यावर त्यावर रानटी हत्ती येतात. श्रीलंकेत वर्षभर साडेसहाच्या आसपास अंधार होतो, आपल्या उन्हाळ्यासारखी लांबलेली संध्याकाळ नसते. मुक्काम बदलायचा दिवस असेल तर दुपारी तीनपर्यंत पुढच्या हॉटेलात पोचलेलं असावं, हा माझा नियम सगळ्या सहलींना आहे आणि डोंगरात तर त्याला अपवादच नाही.

निलावेलीला समुद्र सकाळचा. दुपारनंतर वारा उठतो, पाणी गढुळतं. समोरच्या पिजन आयलंडवर होडीने दहा-पंधरा मिनिटांत जाता येतं, पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत, लहान शार्कही दिसतात (काही करत नाहीत, पण मोठ्या मुलाला आधी सांगून ठेवा). धाकट्याला नेऊ नका. त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळेलच याची खात्री नसते आणि प्रवाळ पायाला कापतं. त्याच्यासाठी किनारा पुरेसा आहे. संध्याकाळी कोणेश्वरमला जा. समुद्रात घुसलेल्या कड्यावरचं शिवमंदिर, वाटेत फ्रेडरिक किल्ल्याच्या आवारात हरणं मोकळी फिरतात. संध्याकाळची पूजा सासू-सासऱ्यांच्या लक्षात राहील. इथेच शांकरी देवीचंही स्थान आहे, अठरा शक्तिपीठांच्या यादीतलं पहिलं, त्यामुळे त्यांना आधी सांगितलंत तर सहलीबद्दलचा विरोध घरातच निम्मा होईल.

त्रिंकोमालीहून कँडी हा सगळ्यात लांबचा पल्ला, जेवणासह पाच-सहा तास. सकाळी आठला निघा, दांबुल्लाचं लेणं त्याच वाटेवर आहे, पण पायऱ्या बऱ्याच असल्याने ते हबरण्याहून थंड वेळेत करून टाकलेलं चांगलं. कँडीला तुम्ही पुन्हा ओल्या बाजूच्या कडेला येता. एखादी सर येईल, कधी दोन-तीन तास पडेल. दंतमंदिर (बुद्धाचा दात जपलेलं मंदिर) छताखाली आहे, पेरादेणियाचं वनस्पती उद्यान पावसाच्या उघडिपीत बघता येतं.

तुमच्या तारखा श्रावणी पौर्णिमेच्या आसपास येत असतील तर एक गोष्ट मुद्दाम तपासा. कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे दंतमंदिराची दहा रात्रींची मिरवणूक, बहुतेक वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला संपते. सजवलेले हत्ती, मशाली, ढोल, चाबूक. बघण्यासारखं आहेच. पण शेवटच्या रात्रींना हॉटेलांचे दर कित्येक पट होतात, चांगली जागा हवी तर दुपारपासून फुटपाथवर बसावं लागतं, मधेच उठून जाता येत नाही आणि पाऊस आला तरी मिरवणूक थांबत नाही. 4 वर्षांचं मूल आणि इन्सुलिनवरचे आजोबा घेऊन हे करू नका. पहिल्या पाच रात्रींच्या कुंबल पेराहेराला गर्दी कमी, मिरवणूक आखूड, दर बरे, आणि मुलांना हत्ती तितकेच दिसतात. पौर्णिमेला, तिकडच्या भाषेत ‘पोया’ला, सार्वजनिक सुट्टी असते, दारू विक्री बंद असते, मंदिरांत पांढऱ्या कपड्यांतली झुंबड असते.

आता आगगाडी. कँडीहून डोंगरातल्या एला गावाला जाणाऱ्या गाडीचा फोटो कुणीतरी दाखवल्याशिवाय राहिलेलं नसणार. तो सहा-सात तासांचा प्रवास आहे, आणि तुमच्या आठ रात्रींत तो कोंबला तर निलावेली सोडावी लागेल. तरीही डोंगर हवाच असेल तर एक गंमत सांगते. पट्टिपोला आणि ओहिया या स्टेशनांच्या मधे, सुमारे 1,900 मीटर उंचीवर, एक बोगदा आहे. ऑगस्टमध्ये गाडी धुक्यात आणि पावसात बोगद्यात शिरते आणि पलीकडे कित्येकदा लख्ख उन्हात निघते. डोंगराची धार नेमकी तिथे आहे. पलीकडचा उवा प्रांत ऑगस्टमध्ये कोरडा, आणि त्याच कोरड्या वाऱ्यामुळे उवाच्या चहाचा सगळ्यात नावाजलेला हंगाम जुलै ते सप्टेंबर हा असतो. म्हणून पावसाळ्यात डोंगर बघायचाच तर नुवारा एलियात न राहता सरळ पलीकडे बंदरवेला किंवा एलाला मुक्काम करायचा. मात्र डिटवानंतर या मार्गाचे काही भाग बंद पडले होते. कुठून कुठपर्यंत गाडी चालू आहे हे तिकीट काढण्याआधी श्रीलंका रेल्वेकडून खात्री करून घ्या, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

डोंगरात पाय ठेवायचा असेल तर दरडींची चौकशी रोज करावी लागते. श्रीलंकेत राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था (तिकडे सगळे एनबीआरओ म्हणतात) दरडींचे इशारे तालुकावार देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे हलायची तयारी ठेवा, लाल म्हणजे जागा सोडा. पिवळ्यात मी कार्यक्रम चालू ठेवते, पण रोज संध्याकाळी पुढच्या दिवसाचा रस्ता ड्रायव्हरबरोबर पुन्हा बघते. केशरी आला की त्या रस्त्याने जायचं नाही, हॉटेलचे पैसे बुडाले तरी. लालमध्ये तर बोलायचाच प्रश्न नाही. माळीण आणि इरशाळवाडी आपण विसरलेलो नाही. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, रस्त्याला नवी भेग, झाडं-खांब कललेले दिसणं, या खुणा तिकडच्या ड्रायव्हरला कळतात. तो ‘नको’ म्हणाला की वाद घालू नका. रस्त्यावरून पाणी वाहतंय आणि खालचा रस्ता दिसत नाही, अशा वेळी गाडी घालायची नाही. दुसऱ्या गाड्या जात असल्या तरी.

फोनमध्ये हे आकडे भरून ठेवा : रुग्णवाहिका 1990, आपत्ती व्यवस्थापन केंद्र 117, पोलीस 119, पर्यटक पोलीस 1912. 1990 ची सेवा मोफत आहे आणि 2016 मध्ये भारताच्या मदतीनेच सुरू झाली.

गाडी सहा जणांना कार नको, मोठी व्हॅन घ्या. तिकडे तिला ‘केडीएच’ म्हणतात. सामानासह ऐसपैस बसता येतं आणि आजोबांना पाय लांब करता येतात. लहान मुलाची सीट आपणहून कुणी देत नाही, आधी लेखी मागा. ड्रायव्हरला इंग्रजी येतं. पण त्याच्या राहण्याची सोय हॉटेलात आहे का हे विचारून घ्या. रात्री गाडीत झोपलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी घाटात नको. वळणांवर मुलांना मळमळतं, आलेपाकाच्या वड्या जवळ असू देत, आणि गोळी द्यायची तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून.

आजारपणात मला सगळ्यात जास्त धाक डेंग्यूचा वाटतो. 2017 मध्ये तिथे पावणेदोन लाखांहून अधिक रुग्ण झाले होते. मलेरिया मात्र श्रीलंकेने घालवला आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये तसं जाहीर केलं. त्यामुळे ‘रात्री मच्छरदाणी लावली की झालं’ हा हिशेब चुकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त. मुलांना पातळ सुती पूर्ण बाह्या, पायघोळ, आणि डास पळवणारं मलम दिवसा लावायचं, सनस्क्रीननंतर. ताप आला तर पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही, कारण डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तरी डॉक्टरांना श्रीलंकेचा उल्लेख करा. आजोबा हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. पुराच्या किंवा भातशेतीच्या पाण्यात मुलांना खेळू देऊ नका. लेप्टोस्पायरोसिस तिथे नेहमीचा आहे.

इन्सुलिन हँडबॅगेत, थंड पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. व्हॅनच्या डिकीत कधीच नाही. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतली उष्णता औषध खराब करते. जेवणाच्या वेळा पुढेमागे होतात, त्यामुळे साखरेच्या गोळ्या आजोबांच्या खिशात हव्यात, बॅगेत नव्हे. वाटेत शहाळ्यासारखाच, पण केशरी रंगाचा ‘थंबिली’ नारळ मिळतो. समोर फोडून देतात, मुलांसाठी याहून सुरक्षित पेय नाही. आजोबांनी अर्धा प्यावा.

खाणं. सासूबाईंची उपासमार होणार नाही, पण एक शब्द पाठ करा : ‘उंबलकड’. सुकवलेल्या माशाचा हा चुरा तिकडचे लोक मसाल्यासारखा वापरतात आणि कित्येकांच्या लेखी तो मासा नसतोच. नारळाची चटणी म्हणून पुढे आलेल्या पोल सांबोळात तो हमखास असतो, कधी भाजीत आणि नारळाच्या पातळ रश्श्यातही. ‘व्हेज आहे का’ विचारलं तर ‘हो’च ऐकू येईल. ‘उंबलकड नको, मालु एपा’ असं सांगा. ‘मालु एपा’ म्हणजे मासा नको. इडियप्पम, आप्पम, परिप्पू म्हणजे डाळ, भोपळ्याची आणि फणसाची भाजी, हे सगळीकडे मिळतं. मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कित्तुल नावाच्या ताडाचा पाक मुलं रोज मागतील. त्रिंकोमाली आणि कँडीत तमिळ लोकांची ‘शैव’ पाटी असलेली हॉटेलं आहेत, तिथे सासूबाई निर्धास्त जेवतील. बाकी मेतकूट, थेपले, थोडे पोहे घ्याच. लांबच्या पल्ल्यात ते कामी येतात.

बॅगेत छत्र्या दोन पुरेत, प्रत्येकाला एक हलका पोंचो. क्रॉक्स ओल्या, शेवाळलेल्या दगडावर घसरतात, त्यापेक्षा मागे पट्टा असलेले चांगल्या तळव्याचे फ्लोटर. नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशव्या. आजींना काठी लागत नसली तरी घडीची काठी न्या, कँडीच्या उतारांवर लागेल.

पैशाचं एवढंच सांगते : हॉटेलं दोन-तीन दिवस आधीपर्यंत रद्द करता येतील अशीच घ्या, थोडी महाग पडली तरी. पावसाळ्यातल्या सहलीत हा जादा खर्च मी विमा समजते. खरा प्रवासविमाही काढाच, आणि आजोबांचा मधुमेह त्यात लिहून द्या. लपवला तर दावा फेटाळला जातो. प्रवास-परवानगीचे नियम भारतीयांसाठी अधूनमधून बदलतात, श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा.

शेवटचं, विमान. मुंबईहून थेट विमान अडीच तासांत पोचतं, घड्याळ बदलायला नको. रात्री उतरणार असाल तर वर म्हटल्याप्रमाणे निगोंबो. सकाळी उतरणारं मिळालं तर निगोंबोची रात्र वाचवा, त्याच दिवशी दुपारपर्यंत हबरण्याला पोचा आणि वाचलेली रात्र निलावेलीला द्या. कँडीला नको.